वीज कुठून येते आणि केव्हा येते: सोसायटीतल्या मुलांना ऊर्जा शिकवायची असेल तर

मेच्या सुट्टीत मुलांसाठी काहीतरी चालवायचं, असा ठराव आमच्या सोसायटीत दरवर्षी होतो आणि दरवर्षी तो माझ्या गळ्यात पडतो. मी इंजिनीअर नाही. बँकेत हिशेब बघते, ठाण्याला वर्तकनगरात राहते. पहिल्या वर्षी मी क्लबहाऊसमध्ये प्रोजेक्टर लावला आणि 'पारंपरिक ऊर्जास्रोत, अपारंपरिक ऊर्जास्रोत' अशा बावीस स्लाइड्स दाखवल्या. अठराव्या स्लाइडला एका मुलाने हात वर केला. मला बरं वाटलं. तो म्हणाला, "काकू, यातली आमच्या घरी कुठली येते?" मला सांगता आलं नाही.

पुढच्या वर्षी स्लाइड्स फेकून दिल्या आणि त्याच्या प्रश्नापासून सुरुवात केली. त्यानंतर जे जमलं, जे फसलं, ते इथे लिहिते आहे. तुमच्या सोसायटीत किंवा शाळेत हे पहिल्यांदाच करणार असाल तर तुमचा एक उन्हाळा वाचेल.

आधी माणसं आणि सामान

दहा-बारा मुलं पुरेत, सहावी ते नववी. पाचवीच्या आतली कंटाळतात आणि दहावीची क्लासमुळे येतच नाहीत. सहा रविवार, सकाळी आठ ते साडेनऊ. ऊन चढायच्या आत गच्चीवरून खाली यायचं, हा नियम.

सामान: एक साधा डिजिटल मल्टिमीटर, सहा व्होल्टचं तळहाताएवढं सोलर पॅनेल (दोन्ही लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन मिळतात), स्वयंपाकघरातला वजनकाटा, महाराष्ट्राचा भिंतीवरचा नकाशा, सुतळी, वाटीभर चिंचोके, एक फासा आणि एक जाड वही. हजार-बाराशेत होतं. वही विसरू नका. मोजलेला प्रत्येक आकडा तिच्यात जातो.

पहिला रविवार: जिना

'ऊर्जा' हा शब्दच काढू नका. मुलांना जिना चढायला लावा.

आमची विंग दहा मजल्यांची, म्हणजे साधारण ३० मीटर. प्रत्येकाचं वजन वहीत लिहायचं आणि एकेकाने दहाव्या मजल्यापर्यंत जायचं. ४० किलोचा मुलगा ३० मीटर वर गेला की त्याने ४० × ९.८ × ३० म्हणजे ११,७६० ज्यूल काम केलं. एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल. भागाकार मुलांनाच करू द्या. उत्तर ३०६ येतं. एका युनिटसाठी दहावा मजला तीनशे सहा वेळा! दोनदा चढून बाकावर आडव्या झालेल्या मुलांना हा आकडा सांगून पाहा. आणि ते युनिट आपल्याला वडापावपेक्षा स्वस्तात मिळतं, हेही सांगा.

हाच हिशेब उलटा करून पाण्याच्या टाकीला लावता येतो. एक हजार लिटर पाणी ३० मीटर चढवायला ०.०८ युनिट लागतं; प्रत्यक्षात पंप बरीचशी वीज वाया घालवतो, म्हणून दुप्पट धरा. हा आकडा वहीत ठळक लिहून ठेवा, शेवटच्या रविवारी लागतो.

दुसरा रविवार: मीटरची खोली

हा माझा सगळ्यात आवडता रविवार. मीटरच्या खोलीत एका वेळी चारच मुलं, पायात चपला, हात मागे, आणि कशालाही स्पर्श नाही. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला सोबत घ्या.

मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते मीटरच्या तोंडावरच छापलेलं असतं. बऱ्याच मीटरांवर हा आकडा ३२०० आहे. एका मुलाला त्याच्या घरी पाठवायचं, घरातलं सगळं बंद करायला सांगायचं आणि फोन चालू ठेवायचा. खाली बाकीचे घड्याळ घेऊन उभे.

"बंद केलं सगळं?"

"हो."

तरी दिवा लुकलुकतोच. सावकाश, पण लुकलुकतो. वर शोधाशोध सुरू होते आणि सेट टॉप बॉक्स सापडतो, वायफायचा राउटर सापडतो. मग इस्त्री लावायला सांगा. १००० वॅटची इस्त्री असेल तर मिनिटाला ५३ वेळा, म्हणजे जवळजवळ सेकंदाला एकदा. मध्येच लुकलुकणं मंदावतं आणि मुलं ओरडतात, "बंद केलीस का?" त्याने काहीच केलेलं नसतं; इस्त्री तापली आणि तिने स्वतःच वीज तोडली. थर्मोस्टॅट काय करतो हे मला पुस्तकातून कधीच इतक्या लवकर समजावता आलं नव्हतं.

जुना ७५ वॅटचा पंखा मिनिटाला चार वेळा, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा दोनपेक्षाही कमी. एसी लावला की मोजता मोजता दमछाक. कोण किती वीज खातं याची उतरंड मुलं अर्ध्या तासात स्वतः लावतात.

लाइट बिलं पण याच दिवशी आणायला सांगा, पण नाव आणि ग्राहक क्रमांक घरूनच खोडून. शंभर, तीनशे, पाचशे युनिटांचे टप्पे, स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क एवढं पुरे. घराघरांची तुलना मात्र करू नका. एकाच वर्गात तीन एसीवाला मुलगा असतो आणि वॉचमनची मुलगीही असते. आपल्याच घराचा मे विरुद्ध ऑगस्ट, एवढीच तुलना.

तिसरा रविवार: सुतळी आणि नकाशा

आता 'आमच्या घरी कुठली येते?' या प्रश्नाचं उत्तर. प्रामाणिक उत्तर असं की सगळ्यांची मिळून येते. तारेत गेल्यावर कोळशाची वीज आणि पाण्याची वीज वेगळी ओळखता येत नाही, जशी टाकीत पडल्यावर दोन टँकरांची पाणी वेगळी काढता येत नाहीत. पण जागा दाखवता येतात, आणि आपण ठाणेकर, नवी मुंबईकर या बाबतीत नशीबवान आहोत. राज्याच्या विजेच्या कितीतरी गाठी आपल्या अंगणातच आहेत.

नकाशावर पिना टोचा आणि सुतळी ओढा. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रापासून एक सुतळी थेट भिवंडी तालुक्यातल्या पडघ्यापर्यंत. ही एकदिश प्रवाहाची वाहिनी आहे, सुमारे ७५२ किलोमीटर लांब, १५०० मेगावॅट वाहून नेणारी, १९९९ पासून चालू. पडघ्याला तिचा प्रवाह पुन्हा प्रत्यावर्ती, म्हणजे घरात येतो तसा दिशा बदलत राहणारा होतो. दुसरी सुतळी कोयनेहून, १९६० मेगावॅट. तिसरी तारापूरहून: १९६९ मध्ये सुरू झालेलं देशातलं पहिलं अणुवीज केंद्र २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं, पालघर नंतर वेगळा झाला. चौथी उरणच्या गॅस केंद्राची. पवनचक्क्यांसाठी साताऱ्याचं चाळकेवाडी-वनकुसवडे पठार आणि धुळ्याचा साक्री भाग. साक्रीलाच महानिर्मितीचा, म्हणजे राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचा, १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्पही आहे.

या सगळ्या सुतळ्यांचा तोल सांभाळणारं राज्य भार प्रेषण केंद्र कुठे आहे? ऐरोलीत. ठाण्याहून ट्रान्सहार्बरच्या गाडीत बसलं तर दिघा गाव सोडलं की पुढचंच स्टेशन. ऐरोलीला आत्या राहते म्हणणारी मुलं दरवर्षी एक-दोन तरी निघतात आणि त्यांचा भाव लगेच वधारतो.

याच वेळी १२ ऑक्टोबर २०२०ची गोष्ट सांगा. त्या सोमवारी सकाळी कळवा-पडघा या ४०० केव्हीच्या वाहिन्या ट्रिप झाल्या, म्हणजे आपोआप बंद पडल्या, आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईत एकदमच लाइट गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. ऑनलाइन शाळेतून मध्येच सुटका झाल्याचं आजच्या नववीतल्यांना पक्कं आठवतं.

आणि एक अपुरी माहिती दुरुस्त करा. 'नवीकरणीय' म्हणजे काल-परवा आलेलं काहीतरी, असं मुलांना वाटतं. खोपोलीला घाटावरून पाणी सोडून वीज १९१५ पासून होते आहे.

कोळसा हातात द्या

एक युनिट औष्णिक वीज बनवायला साधारण सहाशे-सातशे ग्रॅम दगडी कोळसा जाळावा लागतो. मी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून कोळसा आणला, काट्यावर ७०० ग्रॅम तोलला आणि ऐटीत टेबलावर ठेवला. बघायला आलेले एक आजोबा म्हणाले, "अहो, हा लोणारी कोळसा. लाकडाचा. चंद्रपूरचा दगडी, जमिनीतून काढलेला." दहा मुलांसमोर. तेव्हापासून मी आधीच सांगते की हा फक्त वजनाच्या अंदाजासाठी आहे, आणि त्यातूनच दोन कोळशांमधला फरक निघतो: एक झाड पुन्हा उगवतं, दुसऱ्याला कोट्यवधी वर्षं लागली. पुस्तकातलं 'नवीकरणीय'चं अख्खं पान तिथे संपतं.

घरच्या बिलातली युनिटं गुणिले ०.७ करायला लावा. महिन्याला दोनशे युनिटं म्हणजे १४० किलो. "एवढा ठेवायचा कुठे?" ही पहिली प्रतिक्रिया असते. धूर आणि राख कुठे ठेवायची, हा प्रश्न मुलं त्याच्या पाठोपाठ आपणहून विचारतात.

चौथा रविवार: गच्ची

दोन मोठी माणसं सोबत, कठड्यापासून लांब, सूर्याकडे थेट बघायचं नाही. सोसायटीचे सोलर पॅनेल असतील तर त्यांच्या वायरींना हात नाही. खाली स्विच बंद असला तरी ऊन आहे तोवर पॅनेलमध्ये वीज असते.

छोटं पॅनेल उन्हात धरा आणि मल्टिमीटर लावा. इथे सगळे नवखे एकच चूक करतात: व्होल्ट मोजतात. पॅनेलवर सावली धरली तरी व्होल्ट फारसे उतरत नाहीत, मग मुलं म्हणतात सावलीने काही होत नाही. तुम्ही अॅम्पिअर मोजा. लाल वायर दहा अॅम्पिअरच्या भोकात, दोन्ही टोकं पॅनेलच्या दोन तारांना. आता एका कोपऱ्यावर बोट ठेवा. आकडा धाडकन खाली येतो. काम झालं की लाल वायर लगेच पुन्हा व्होल्टच्या भोकात घाला. मी विसरले, नंतर तसाच मीटर इन्व्हर्टरच्या बॅटरीला लावला, ठिणगी उडाली आणि माझ्या हातातून तो खाली पडला. दीडशे रुपयांची शिकवणी.

पॅनेल सपाट, दक्षिणेकडे थोडं कललेलं, उभं, असं धरून प्रत्येक वेळचा आकडा लिहा. मग धुळीचा प्रयोग. घोडबंदर रोडच्या बाजूला राहणाऱ्यांना धूळ शोधायला जावं लागत नाही. मेच्या मध्यावर ठाण्यात शून्य सावली दिवस येतो. जवळचा रविवार साधता आला तर दुपारी फक्त पाच मिनिटं काठी उभी करून दाखवा.

मोठा हिशेब इथेच करायचा. एक किलोवॅटच्या पॅनेलला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि वर्षभराची सरासरी काढली तर दिवसाला चारेक युनिटं मिळतात. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये याहून बरीच कमी. पीएम सूर्यघर योजनेत घरमालकाला दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे; सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,०००. मुलांना गच्ची पावलांनी मोजायला लावा आणि पाण्याच्या टाक्या, डिश अँटेना, शेजारच्या टॉवरची सावली वजा करायला लावा. उरते ती जागा बघून सगळे जरा गप्प होतात. तीस मजली इमारतीची गच्ची तीस मजल्यांना पुरत नाही, ही ठाण्याची खरी अडचण आहे, आणि ती लपवायचं काही कारण नाही.

'चारच युनिटं का? एक किलोवॅट गुणिले चोवीस म्हणजे चोवीस हवीत ना?' असं कुणीतरी विचारतंच. त्याची वाटच बघत असते मी. ऊन चोवीस तास नसतं; एक किलोवॅट ही क्षमता, चार युनिटं ही निर्मिती. देशाचंही तसंच. जुलै २०२५ मध्ये जाहीर झालं की देशाच्या स्थापित वीजक्षमतेतला निम्मा वाटा आता बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-गॅस सोडून इतर स्रोतांचा आहे. खरं आहे. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास. क्षमता आणि निर्मिती यांतला हा फरक ज्या मुलाला कळला, त्याला पुढची बातमी कुणी गुंडाळून विकू शकत नाही.

पाचवा रविवार: चिंचोक्यांचा खेळ

एवढा एकच रविवार मिळाला तर हा करा. मुलं म्हणजे वीजकेंद्रं, चिंचोके म्हणजे वीज, आणि एक जण ऐरोलीचा साहेब. आकडे खेळापुरते आहेत, खरे नव्हेत.

दिवसाचे आठ डाव: पहाटे ३, सकाळी ६, ९, दुपारी १२, ३, संध्याकाळी ६, रात्री ९, १२. त्या त्या वेळची मागणी क्रमाने ९, १२, १५, १५, १४, १६, १५, ११ चिंचोके. नियम असे:

अणू: नेहमी एक, कमी नाही, जास्त नाही.
कोळसा: सहा ते दहा, पण एका डावात दोनच्या वर बदल नाही. भट्टी काही बटण दाबून विझत नाही.
सूर्य: सकाळी नऊला ४, दुपारी बाराला ८, तीनला ५, संध्याकाळी सहाला १, बाकी शून्य.
वारा: फासा टाकायचा. एक-दोन पडले तर काही नाही, तीन-चारला एक, पाच-सहाला दोन.
कोयना: एका डावात चारपर्यंत, हव्या त्या क्षणी, पण दिवसभरात एकूण दहाच. कारण पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे.
घाटघर: जास्तीचे चिंचोके ठेवून घेतं. पाच घेतले तर चारच परत देतं.

साहेबाच्या हातात '५०' लिहिलेली पाटी. मागणीएवढेच चिंचोके आले तर ती सरळ. कमी आले की खाली, जास्त आले की वर, आणि दोन्ही वेळा साहेबाची बोलणी. हे ५० म्हणजे विजेची वारंवारता, सेकंदाला होणारी आवर्तनं; खरी वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्ये ठेवायची असते, हे नंतर सांगा.

आठ डावांची पहिली फेरी बऱ्यापैकी जमते. संध्याकाळी कोयनेकडे सगळ्यांचे डोळे लागतात. तिने सकाळीच उधळपट्टी केली असेल तर रात्री नऊला अंधार. मग दुसऱ्या फेरीत कोळसा साधारण निम्मा करा (तीन ते सहा) आणि सूर्य दुप्पट. मुलं आधी टाळ्या वाजवतात. दुपारी बाराला चिंचोके ओतू जातात, घाटघरवाली ओंजळ भरून बसते, आणि संध्याकाळी सहाला सूर्याकडे दोनच उरतात. रात्री नऊला पुन्हा खडखडाट. गेल्या वर्षी सूर्य झालेली मुलगी वैतागून म्हणाली, "मी दुपारी एवढे दिले, तेव्हा तुम्ही का नाही वापरले?"

विषय तिथे आला. आता घाटघर खरं काय आहे ते सांगा, कारण ते आपल्याच जिल्ह्याच्या काठावर आहे: वरचं धरण अकोले तालुक्यात, खालचं आपल्या शहापूर तालुक्यातल्या चोंढ्याला, मध्ये सुमारे चारशे मीटरचा कडा, २५० मेगावॅट. वीज जास्त असली की पाणी वर चढवायचं, कमी पडली की खाली सोडायचं. पहिल्या रविवारचा जिनाच तो, फक्त पाण्याने चढलेला. मग बॅटऱ्या, दुपारी चार्ज होणाऱ्या गाड्या, आणि स्मार्ट मीटरवाल्यांना दिवसाच्या वापरावर मिळणारी सवलत ही एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत, हे सांगावंही लागत नाही. "मग कोळसा बंद का नाही करत?" हा प्रश्न या रविवारनंतर मला कुणी विचारलेला नाही.

अवघड प्रश्न येतील

पॅनेल साधारण पंचवीस वर्षं चालतात, पुढे त्यांचं काय? कचराच. २०२२ च्या ई-कचरा नियमांत पॅनेलही घेतले आहेत. काच आणि अॅल्युमिनियम निघतं, बाकीचं कठीण आहे. असंच सांगा.

आणि जमिनी. माझ्या एका गटातल्या मुलाचे आजोबा तुर्भ्याच्या मार्केटमध्ये माथाडी होते, मूळचे जावळी खोऱ्यातले. त्यांचं गाव कोयनेच्या जलाशयाखाली गेलं. मुलाला हे ठाऊक होतं, पण कोयनेच्या सुतळीशी त्याने ते कधी जोडलं नव्हतं. मी आजोबांना बोलावलं. ते दहा मिनिटं बोलले, बहुतेक वेळ तिथल्या भाताबद्दल. 'स्वच्छ ऊर्जा' हा शब्द त्या दिवशी मी जपून वापरला. तुमच्याकडेही असं कुणी ना कुणी असेल. नवी मुंबईत तर नक्कीच.

सहलीबद्दल थोडक्यात: वीजकेंद्रं आणि भार प्रेषण केंद्र सहज जाऊन बघता येत नाहीत, आधी लेखी परवानगी लागते. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र सोपं. आणि फुकटातली सहल हवी तर ऐरोली पुलावरून खाडीतले मनोरे मोजा. हिवाळ्यात फ्लेमिंगोही दिसतात, मग मनोरे कुणी मोजत नाही, ते चालायचंच.

सहावा रविवार: सोसायटीचा कागद

शेवटी मुलांनी काहीतरी कमिटीपुढे मांडायचं. पोस्टर स्पर्धा ठेवू नका; सगळी पोस्टरं पृथ्वीला हात आणि डोळ्यांत पाणी अशीच येतात.

गेल्या वर्षीच्या मुलांनी ठरवलं की पाण्याचा पंप सकाळी सहाऐवजी दुपारी बाराला चालवायचा, सूर्याचे चिंचोके असतात तेव्हा. अर्ज लिहून झाला. मग एकीने वही उघडून हिशेब केला: चाळीस घरं, रोजचं वीस हजार लिटर पाणी, म्हणजे पंपाला दिवसाला जेमतेम तीन-चार युनिटं. शेजारच्या पानावर पार्किंगच्या दिव्यांची नोंद होती. २० वॅटच्या तीस ट्यूब, संध्याकाळी सात ते सकाळी सात: सात युनिटांच्या वर, तेही सगळे झोपलेले असताना.

अर्ज फाडला. नवा अर्ज पार्किंगमध्ये सेन्सर बसवण्याचा आहे, सोबत दोन दुकानांची कोटेशन्स जोडली आहेत. सेक्रेटरींनी तो जनरल बॉडीच्या अजेंड्यावर नऊ नंबरला घेतला आहे, लिफ्टच्या रंगानंतर.